करमाडचा राउटर

आमच्या नव्या घराचा पत्ता दुनियेत कुणालाच कळू द्यायचा नाही, ही जबाबदारी घरच्यांनी एकमतानं माझ्यावर सोपवली होती. (एकमतानं म्हणजे मी म्हटलं आणि बाकीचे गप्प बसले. आमच्यात एकमत असंच होतं.) मी पोस्टात आहे. सव्वीस वर्षं लोकांचे पत्ते वाचून पगार घेतला. पत्ता ही काय चीज असते ते माझ्याइतकं कुणाला कळणार, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

लपवायचं कारण माझी धाकटी बहीण वैशाली. आम्ही पिशोरचे. तिला सहा वर्षांपूर्वी करमाडला दिली, दिगंबर नावाच्या माणसाला. माणूस बोलायला गोड, कपाळाला कायम अष्टगंध, मोठ्यांच्या पाया पडण्यात पहिला. त्या उन्हाळ्यात एका दुपारी पोस्टाच्या काउंटरवर "पुढचे" म्हणून मी मान वर केली, तर पुढं वैशू उभी. एका हातात पिशवी, दुसरा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"काय झालं गं?"

"न्हाणीत पाय घसरला, असं सांगितलंय दवाखान्यात."

त्या वर्षी अख्ख्या करमाडात पाय घसरण्यापुरतं पाणी नव्हतं. मी पुढं काही विचारलं नाही. खिडकीवर बंदची पाटी लावली आणि तिला घेऊन बाहेर पडले. रांगेतल्या लोकांनी आरडाओरडा केला, मी त्यांच्यापेक्षा जास्त केला.

दुसऱ्या दिवशी एका वकीलबाईंकडं गेलो. बाई वयानं माझ्याएवढ्याच, पण बोलणं तोलूनमापून. त्यांनी वैशूचं सगळं ऐकून घेतलं, एक्स-रे उजेडात धरून बघितला आणि चष्मा काढून माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "कोर्टाचा आदेश हातात येईस्तोवर ही कुठं आहे हे त्याला कळू देऊ नका. असे लोक दुसऱ्या वेळी हातावर थांबत नाहीत." मग विचारलं, "तुमचं घर त्याला माहितीय?"

जुनं माहीत होतं. सिडकोतल्या त्या सोडलेल्या भाड्याच्या घराचं दार त्यानं कालपासून दोनदा वाजवून झालं होतं, शेजाऱ्यांना जावई म्हणून नमस्कारही करून झाला होता. पण आम्ही महिन्यापूर्वीच देवळाईच्या पुढं, बायपासच्या आत, स्वतःच्या घरात राहायला गेलो होतो. गुंठेवारीतला प्लॉट. दोन वर्षांपूर्वी तिथं ज्वारी उभी असायची, आता सिमेंटचे खुंट उभे होते आणि मधूनमधून आमच्यासारखी अर्धवट रंगवलेली घरं. वास्तुशांत केली नव्हती. शंभर माणसांच्या पंगतीला पाणी कुठून आणायचं? त्यामुळं एकाही नातेवाइकानं घर बघितलेलं नव्हतं. दुष्काळाचा आमच्यावर झालेला तेवढाच एक उपकार.

"छान," वकीलबाई म्हणाल्या. "आता फक्त तुम्ही कुणाला सांगू नका."

"मी? बाई, मी पोस्टात आहे," मी म्हटलं. ते ऐकून त्या निर्धास्त झाल्या. बिचाऱ्या.

इथवर सगळं ठीक होतं. इथून पुढं माझा स्वभाव आडवा आला. आमच्याकडं लग्न ठरताना यादी करतात. मुलीला काय काय देणार ते फुलस्केप कागदावर लिहायचं, कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायचं, दोन्हीकडच्या चार-चार लोकांनी सह्या करायच्या. वैशूच्या लग्नाची यादी माझ्या अक्षरात होती आणि तिची झेरॉक्स माझ्या कपाटात होती. मी ठरवलं की बहीण आली, आता यादी आली पाहिजे. त्या घरात आपला एक चमचासुद्धा ठेवायचा नाही.

वैशू म्हणाली, "अक्का, जाऊ दे ना. मला नको त्यातलं काही."

"तुला नको असंल. मला पाहिजे."

आमच्या यांनी (म्हणजे माझ्या नवऱ्यानं, वाळूजला कंपनीत आहेत, तिथं पंधरा माणसं हाताखाली आहेत आणि घरी स्वतःच्या मतावर एकदाही राहता आलेलं नाही) हळूच विचारलं, "अगं, पण कूलरच्या मागं लागून..." मी बघितलं. ते गप्प बसले. झालं एकमत.

मग मी दोन चुलतभाऊ आणि एक टेम्पो घेऊन करमाडला गेले. दिगंबर ओसरीवर बसून हसत होता. "घेऊन जा अक्का, तुमचंच आहे," म्हणाला. मी यादी वाचायची, भाऊ उचलायचे, मी टिक करायची. कपाट, कूलर, मिक्सर, स्टीलची पातेली उतरत्या क्रमानं सात. सातवं सापडेना, तर अर्धा तास टेम्पो थांबवला. शेवटी निघताना भिंतीवर लक्ष गेलं. तिथं राउटर. वैशू घरबसल्या टायपिंगची कामं घ्यायची म्हणून मागच्या दिवाळीत मीच घेऊन दिलेला. यादीत नव्हता, कारण लग्नाच्या वेळी राउटर द्यायची पद्धत आलेली नव्हती. मी पेन काढलं, यादीच्या तळाला 'राउटर एक नग' असं माझ्या हातानं लिहिलं, त्याला टिक केली आणि वायर उपटून पर्समध्ये टाकला.

येताना कुणी पाठलाग करू नये म्हणून टेम्पो आधी उलटा जालन्याच्या दिशेनं पिटाळला, एका ढाब्यावर तासभर बसलो, मग फिरून घरी आलो. इतकी हुशार बाई मी. नव्या घरी नेटवाल्याकडून वायर ओढून घेतली आणि तोच राउटर भिंतीला ठोकला. त्याच्या वायफायचं नाव दिगंबरनं स्वतःच्या नावावरून ठेवलेलं होतं आणि ते बदलायचं कसं हे आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. आमच्या घरात त्या माणसाचं नाव उच्चारायला बंदी, आणि तिन्ही फोन दिवसभर त्याच्याच नावाला जोडलेले.

दोनच दिवसांत फोन येड्यासारखे करायला लागले. हे सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "अगं, हा फोन म्हणतोय, करमाडला आज एक्केचाळीस आहे. देवळाईचं हवामान देईना झालाय."

"उन्हानं डोकं फिरलं असंल त्याचं."

"आणि जवळची पिठाची गिरणी शोधली, तर करमाडची दाखवतोय."

वैशूनं हातातली बशी खाली ठेवली. "अक्का, याला करमाड कसं काय माहीत?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा मी तिच्या त्या चेहऱ्याकडं नीट बघायला पाहिजे होतं. पण मी म्हटलं, "तू त्या गावाचा धसका घेतलायस, म्हणून तुला सगळीकडं करमाड दिसतंय." खरं तर करमाड फोनला दिसत होतं, तिला नाही. पण घरात कुणी माझं चुकतंय असं म्हणायच्या आत मी विषय पाण्यावर नेला.

पाण्याचा विषय तसा न नेताही हजर असायचा. आमच्या ले-आउटला नळ नव्हता. बोअर फेब्रुवारीतच धूळ फेकायला लागला होता. मिळून पंचवीसेक घरं, आणि सगळ्यांचा जीव टँकरवर. मंगलबाई म्हणून सोयगावकडच्या एक बाई समोर राहायच्या, त्यांनी नियम घालून दिला होता. टँकर कुणीही मागवो, रस्त्यावर ड्रम रांगेत लागणार, ड्रमवर खडूनं नंबर असणार आणि नंबर मोडणाऱ्याला त्या खेपेला पाणी नाही. हा नियम सरपंच, नगरसेवक, साक्षात देव, कुणालाही लागू होता. त्या आठवड्यात नेहमीच्या टँकरवाल्याची विहीर आटली आणि चार दिवस कुणीच आलं नाही. मंगलबाई मला म्हणाल्या, "पोस्टवाल्या बाई, तुमची पाळी. कुठून बी आणा."

मी रस्त्यावरून जाणाऱ्या एका टँकरच्या पाठीवरचा नंबर टिपून आणला होता. फोन लावला. रफिकभाई म्हणून म्हातारे गृहस्थ होते, त्यांची भरायची विहीर शेंद्र्याच्या बाजूला.

"हौ बाजी, आजाता. लोकेशन भेजो."

मी सोफ्यावर बसून, घरातल्या घरात, एका बोटानं लोकेशन पाठवलं. इतकी सोपी गोष्ट करतानाही मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे मुद्दाम नमूद करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाहेर ड्रमची रांग लागली. हे पहाटेच्या शिफ्टला गेलेले. मी डबा भरत होते. वैशू आत कपड्यांच्या घड्या घालत होती, एका हातानं. फोन वाजला.

"बाजी, टँकरवाला बोलरा. घर के सामने खडा हूं, हॉर्न मार मार के थक गया, कोई निकलताच नै."

मी खिडकीतून बघितलं. ड्रम, बायका, एक कुत्रं. टँकर नाही.

"भैया, इथं कुणी नाही. तुम्ही कुठंय?"

"लोकेशन पे. फोन बोलरा पोंच गए."

"फोनचं डोकं फिरलंय. मी सांगते तसं या."

"रुको, इंजन का आवाज है, स्पीकर पे डालता. हां, बोलो."

आता मला सांगा, सव्वीस वर्षं अर्धवट पत्ते वाचून चिडलेल्या बाईला कुणी "पत्ता बोला" म्हटल्यावर ती अर्धवट सांगेल का? मी सांगितला. बीड बायपास, देवळाई चौक, तिथून आत, डाव्या हाताला बंद पडलेलं मंगल कार्यालय, त्याच्या मागचा कच्चा रस्ता, गट नंबर, प्लॉट नंबर, निळ्या टाकीपासून तिसरं घर, अर्धा गुलाबी रंग, दाराला पाटी नाही. पिनकोडचे सहाही आकडे सुटे सुटे सांगितले. आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढं म्हटलं, "मी दहाला ड्यूटीला निघते. मालक शिफ्टला आहेत. घरात माझी बहीण एकटीच असंल, तिचा हात मोडलाय, म्हणून गेट उघडायला वेळ लागला तर घाई करू नका."

पलीकडं इंजिनाची घरघर. मग दुसराच एक आवाज आला, गोड, सावकाश.

"पिनकोड तेवढा परत एकदा सांगता का, अक्का?"

माझ्या हातातला डबा ओट्यावर आपटला. भाजी सांडली. मी विचारलं, "रफिकभाई, तुम्ही कोणत्या गावात आहात?" हा प्रश्न मी सुरुवातीलाच विचारायला पाहिजे होता, हे आता लहान पोरगंही सांगेल.

"करमाड में, बाजी. आप का ही घर है ना ये? ये भाईसाब तो बोले, हां, मेरे घरवाले ही हैं."

मी फोन बंद केला. वैशू आतून येऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ओरडेल, रडेल. घड्या घातलेले कपडे तिनं परत पिशवीत भरायला घेतले, आणि एका हातानं पिशवीचं तोंड उघडत नव्हतं, म्हणून ती पिशवी दातात धरून उघडत होती. मला माझा इतका राग आला होता की मी राउटरला चपलेनं मारलं.

मग वकीलबाईंना फोन लावून टँकर करमाडला कसा गेला ते सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला अजिबात अपेक्षित नव्हता.

"तुमच्या घरातलं वायफाय कुणाचं आहे?"

"आमचंच. म्हणजे वैशूचं. म्हणजे करमाडहून आणलेलं."

मग त्यांनी मला भराभर समजावलं. प्रत्येक राउटरला स्वतःचा एक नंबर असतो आणि तो भिंतीबाहेरही ओरडत असतो. रस्त्यानं जाणाऱ्या लोकांचे फोन तो ऐकतात आणि कंपन्यांना कळवतात, की हा नंबर अमुक जागी ऐकला. असे घराघराचे नंबर जमवून त्यांनी नकाशा केलाय. फोन घरात असला आणि आभाळातून नीट खूण मिळत नसली, की तो जवळचा राउटर बघतो आणि म्हणतो, आपण इथं आहोत. आमच्या ले-आउटमध्ये दुसरं वायफायच नव्हतं. म्हणून आमचे फोन प्रामाणिकपणे सांगत होते की आपण दिगंबरच्या ओसरीवर बसलोय.

"पण त्यांना आमच्या घराचा नंबर टिपायला सांगितला कुणी?"

"कुणीच नाही."

"विचारलं कुणी?"

"नाही. टिपू नका असं आपणच सांगायचं असतं. राउटरच्या नावाला शेवटी एक शेपूट जोडलं, नोमॅप म्हणून, की काही कंपन्या तो सोडून देतात."

"म्हणजे माझ्या दारावर मी पाटी लावली नाही, ती यांनी माझ्या परस्पर लावली, आणि काढायची असेल तर ती कशी काढायची हे मीच शोधून काढायचं? हे पोस्टात कुणी केलं असतं तर नोकरी गेली असती."

"बाई, रागवा नंतर. राउटरचा खोका कुठाय?"

"खोका?" मला आठवलं. "खोका तिथंच राहिला. कपाटावर. तो यादीत नव्हता."

"त्यावर नंबर छापलेला असतो. काही दिवसांनी तुमच्या गल्लीतून जाणारे फोन नकाशात दुरुस्ती करतील. मग ज्याच्याकडं तो नंबर आहे त्याला, जरा जाणकार माणूस भेटला, की घरबसल्या तुमची नवी जागा शोधता येईल. आज ना उद्या हा पत्ता फुटलाच असता."

म्हणजे मी मुलखावेगळी गाढव नव्हते, फक्त घाईची होते. एवढा दिलासा देऊन त्या म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता तिला घेऊन बाहेर पडा. पोलिसांना फोन करा. मी निघालेच."

बाहेर पडायचं कसं? गाडी हे घेऊन गेलेले. आमच्याकडं रिक्षा आपण होऊन येत नाही. मी फोनवरून रिक्षा बोलावली. लगेच मिळाली, ड्रायव्हर दोन मिनिटांत दारात म्हणे. मी वैशूला चप्पल घालायला सांगितली. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला, "मॅडम, करमाड फाट्यावरून आत आलोय, अष्टगंधवाले भाऊ आत्ताच मोटरसायकलवर बाहेर पडले, ते तुमच्यातलेच का?" राउटरची वायर मी उपटली होती, त्यालाही पाच मिनिटं झाली होती. पण फोनच्या डोक्यातून करमाड काही जात नव्हतं.

पोलिसांना फोन लावला. एका बाईंनी शांतपणे विचारलं, "पत्ता सांगा."

आणि माझं तोंडच उघडेना. जन्मात पहिल्यांदा.

"हॅलो? पत्ता सांगा ताई."

"तुमचा फोन," मी विचारलं, "स्पीकरवर आहे का?"

"नाही."

"शेजारी कुणी उभं आहे का?"

"ताई, मदत पाहिजे ना तुम्हाला?"

शेवटी वैशूनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तीन वाक्यांत पत्ता सांगितला. पिनकोड न घालता. त्यांना लगेच समजला.

पाऊण तासानं आधी टँकर आला. रफिकभाईंनी मला बघून कानाला हात लावले, "बाजी, मेरेकू मालूम नै था, कसम से." मी म्हटलं, "भैया, तुमची चूक नाही. पाणी सोडा." बायका पुढं सरसावल्या, पाइप लागला, एक नंबरच्या ड्रममध्ये धार पडली. चार दिवसांनी पाण्याचा आवाज आला, तर सगळ्या धारेकडंच बघत राहिल्या. तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज ऐकू आला.

दिगंबर एकटा नव्हता. मागं वाटेत थांबून घेतलेला त्याचा एक मावसभाऊ बसलेला, दांडगा. दोघं उतरले. आमच्या फाटकापर्यंत यायचं तर ड्रमच्या रांगेतून यावं लागत होतं. दिगंबर हात जोडत हसत पुढं आला आणि दोन ड्रमच्या मधून पाय टाकला.

"ओ भाऊ," मंगलबाई म्हणाल्या, "नंबर कितवा?"

"मला पाणी नको, मावशी. मी माझ्या बायकोला न्यायला आलोय."

"काय न्यायचं ते न्या, पण नंबरानं. रांग मोडू नका. मागं व्हा."

"अहो, घरगुती मामला आहे."

"इथं सगळ्यांचाच घरगुती मामला हाय. चार दिस झाले, आंघोळ नाय कुणाची."

मी फाटकाच्या आतून बघत होते. एवढं होऊनही मला वाटत होतं आपण बोलावं. मी तोंड उघडलं. वैशूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्लास्टरचा, आणि मला बाजूला केलं. "तू गप्प बस अक्का," म्हणाली. आयुष्यात तिनं मला असं पहिल्यांदा म्हटलं. मग फाटक उघडून ती बाहेर गेली, चार पावलं, आणि प्लास्टरचा हात वर धरला.

"ह्यानं मोडला," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. पाण्याच्या धारेपेक्षा जरा वर एवढंच. "पाय नव्हता घसरला. दाराच्या फटीत धरून मोडला."

हे मलाही माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. मी यादी घेऊन गेले होते.

दिगंबरच्या कपाळावरचं अष्टगंध घामानं ओघळायला लागलं. "वैशाली, घरी चल, बोलू," म्हणाला आणि पुढं झाला. मंगलबाईंनी आपला रिकामा ड्रम उचलून त्याच्या पायापुढं आदळला. शेजारणीनं तिचा आणला. मग तिसरीनं. कुणी आरडाओरडा केला नाही. रिकामे ड्रम घसटत आणायचे आणि त्याच्याभोवती लावायचे, एवढंच. थोड्याच वेळात दिगंबर ड्रमांच्या गोलात उभा होता आणि प्रत्येक ड्रममागं एक बाई. मावसभावानं एक ड्रम हलवून बघितला. रफिकभाई पाइप एका बाईच्या हातात देऊन खाली उतरले आणि त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "बेटा, तेरेकू क्या पडी है? बैठ उधर." तो बसला.

एवढं पाणी समोर होतं, पण ते त्या माणसाच्या अंगावर फेकावं असं एकीच्याही मनात आलं नाही. त्याच्यावर कोण वाया घालवणार? उलट मंगलबाई मध्येच ओरडल्या, "चार नंबर, तुमचा भरला, सरका," आणि चार नंबरची बाई गोलातली जागा दुसरीला देऊन आपला ड्रम सरकवून आली. पोलीस येईपर्यंत पाणी भरणं आणि माणूस धरून ठेवणं ही दोन्ही कामं नंबरानं चालली.

पोलीस आले, वकीलबाई आल्या, दिगंबरला गाडीत बसवलं. जातानाही तो माझ्याकडं बघून हात जोडून गेला. ते हात जोडणं मला अजून आठवतं. तो काही कायमचा आत राहणार नव्हता. आणि आता त्याला पत्ता माहीत होता, निळ्या टाकीपासून तिसरं घर, अर्धा गुलाबी रंग, सगळं.

दुपारी वैशूनं पिशवी उचलली. वकीलबाईंनी तिची कुठंतरी सोय केली होती.

"कुठं जातीयेस?" मी विचारलं.

"अक्का, ते विचारू नकोस."

"अगं, मी कुणाला सांगणारे?"

ती माझ्याकडं बघून हसली. खूप दिवसांनी हसली. त्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला, मी तिला उभी केली आणि दोघी रडलो. मग ती वकीलबाईंच्या गाडीत मागच्या सीटवर खाली वाकून बसली आणि गेली.

कोर्टाचा आदेश पुढं मिळाला. वैशू आठ-पंधरा दिवसांनी फोन करते, दरवेळी वेगळ्या नंबरावरून. हात जुळलाय, काम लागलंय, जेवते नीट, एवढं सांगते. पावसाळ्यात मी तिच्यासाठी कैरीचं लोणचं घातलं आणि बरणी घेऊन वकीलबाईंच्या ऑफिसात गेले. म्हटलं, पत्ता द्या, मी स्वतः नेऊन देते, कुणाला कळायचं नाही.

"मला देता येत नाही हो," त्या म्हणाल्या. "बरणी ठेवा, मी पोचवीन."

"मी तिची सख्खी बहीण आहे."

"माहितीय. पण पत्ता कुणाकुणाला द्यायचा नाही, ते तिनं मला लेखी दिलंय." त्यांनी जरा विचार केला, मग फाइल उघडून तो कागद माझ्याकडं फिरवला. वैशूचं अक्षर. दोनच नावं होती.

दिगंबरचं दुसरं होतं.